मोबाईलवर मूकपट: उचकी आणि घरगुती उपायांची नऊ मिनिटांची कॉमेडी कशी काढायची

गेल्या कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही एक मूकपट दाखवला, काळापांढरा, नऊ मिनिटांचा, आमचा आम्हीच काढलेला. तेव्हापासून वर्तकनगरातल्या दोन-तीन सोसायट्यांतली पोरं "काकू आम्हाला पण करायचाय, कसा केलात" म्हणून येऊन गेली, प्रत्येकाला तेच तेच सांगून माझा घसा बसला, आणि घसा बसला म्हटल्यावर प्रत्येकाने एकेक उपाय सांगितला. म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते.

मूकपटच का, असं विचारू नका, ठाण्यात राहता ना? आमच्या एका बाजूला रिडेव्हलपमेंटचं ड्रिलिंग, दुसऱ्या बाजूला रिक्षा स्टँड, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी बारा महिने काहीतरी ठोकत असतं. आवाज रेकॉर्ड करायला बसलात तर पहिल्याच रविवारी नाद सोडाल. मूकपटात आवाजाची भानगडच नाही, मी कॅमेऱ्यामागून बिनधास्त ओरडत होते, "नाना डावीकडे बघा, आता उचकी, अजून एक, तांब्या उचला, अहो दुसऱ्या हातात!" पाठांतर नाही म्हटल्यावर सत्तरीची मंडळीसुद्धा लगेच तयार होतात, हा मोठाच फायदा.

विषय कुठून आला ते सांगते, कारण स्क्रिप्ट लिहायची युक्ती त्यातच आहे. सोसायटीच्या वार्षिक मीटिंगला मला उचकी लागली. पाण्याच्या टाकीच्या गळतीवर चर्चा चालली होती, ती थांबली आणि अकरा माणसांनी अकरा उपाय सांगितले. कुणी म्हणालं साखर जिभेवर ठेव, कुणी म्हणालं श्वास रोखून सात घोट, एका काकांनी मागून येऊन "भॉ" केलं, आणि ज्यांच्याकडे कायम गवती चहा असतो त्या काकूंनी गवती चहाच सांगितला. मी नीट ऐकत बसले तेव्हा लक्षात आलं की हे कुणीच माझ्या उचकीवर उपाय सांगत नाहीयेत, ज्याच्या घरात जे औषध आहे तो आजार मला झालाय असं प्रत्येकाने ठरवलंय. ज्याच्याकडे ओवा त्याच्या मते गॅस, ज्याच्याकडे चंदन त्याच्या मते उष्णता, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या मते दृष्ट. आमचा सगळा सिनेमा एवढ्यावरच उभा आहे. तुम्ही काढाल तेव्हाही एवढं धरून ठेवा, पेशंटवर हसायचं नाही, हसायचं ते सांगणाऱ्याच्या खात्रीवर.

आता आजार कुठला घ्यायचा. ताप नको, तापाचा माणूस पडून राहतो, पडद्यावर काही हलतच नाही. खोकला मूकपटात कळतच नाही, माणूस वाकून नमस्कार करतोय की काय असं वाटतं. पोटदुखी घेतलीत तर तिसऱ्या मिनिटाला गोष्ट संडासात जाते, आणि पुढच्या रांगेतली पोरं सोडून कुणाला ते आवडत नाही. दातदुखी चांगली, हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारली की सशाचे कान होतात, नुसतं बघूनच लोक हसतात. पण सगळ्यात भारी उचकी. अख्खा माणूस उडतो, त्याच्या हातातलं भांडं उडतं, चष्मा सरकतो, टोपी हलते, आणि बघणाऱ्याला त्याची फार काळजीही वाटत नाही. वर आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात, बरोबर नाव घेतलं की थांबते, म्हणजे अर्धी गोष्ट आयतीच मिळाली!

आमची गोष्ट अशी होती. नानांना जेवताना उचकी लागते. बायको नावं घ्यायला लावते, मामा, आत्या, जुने ऑफिसवाले, उचकी काही थांबत नाही, मग एका बाईचं नाव निघतं आणि तेवढ्यापुरती थांबते, आता बायकोचा चेहरा बघा. त्यात शेजारी यायला लागतात. एक साखर भरवतो, एक कपाळाला लेप लावते, एक दृष्ट काढते, एक धुरी देते. शेवटी नाना घोंगडीत गुंडाळलेले, कपाळ माखलेलं, कानात कापूस, अशा अवतारात सोसायटीचे सेक्रेटरी थकलेल्या मेंटेनन्सची नोटीस घेऊन दारात उभे राहतात. नाना आकडा वाचतात, उचकी बंद. मग ती नोटीस हातोहात फिरते, त्यात बाकीच्यांचेही आकडे असतात, आणि एकेक करून सगळ्या शेजाऱ्यांना उचकी लागते. संपलं.

पहिल्या खर्ड्यात माझे सात उपाय होते, वाचून दाखवल्यावर पाचव्याला सगळे मोबाईल बघायला लागले, म्हणून चारच ठेवले. उपाय एकामागून एक नुसते येऊ देऊ नका, आधीचा अंगावर तसाच राहू द्या. साखर मिशीला चिकटलेली असतानाच लेप आला पाहिजे, लेप ओला असताना घोंगडी आली पाहिजे. माणूस हळूहळू सामानाखाली गाडला जातो, मजा त्याच्यात आहे.

उचकी कशी द्यायची हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आरशासमोर बसून काढलं. आधी छाती उडते, मग खांदे, डोळे सगळ्यात शेवटी मोठे होतात. तिन्ही एकदम केलं की विजेचा झटका बसल्यासारखं दिसतं. आणि लय सांभाळा. मी मागून मोजायचे, एक दोन तीन चार, उच्. पहिल्या चार उचक्या अगदी सारख्या अंतराने द्यायच्या, म्हणजे बघणाराही मनात मोजायला लागतो, आणि पाचवीला थांबायचं. नाना पाण्याचा पेला तोंडाला लावतात, सगळे श्वास रोखून बघतात, काहीच होत नाही, नाना हसतात, पेला खाली ठेवायला जातात, तेव्हा. गच्चीवर सगळ्यात मोठा हशा त्या एका उशिरा आलेल्या उचकीला मिळाला. तो शॉट आम्ही चौदा वेळा घेतला, नानांचा सदरा तीनदा बदलला.

सांगणारी मंडळी मात्र अजिबात हसता कामा नयेत. हे सगळ्यात अवघड, कारण नवखा माणूस विनोदी सिनेमा म्हटला की तोंडं वेडीवाकडी करायला लागतो. माझ्या सासूबाईंना मी लेपवाल्या आजींचं काम दिलं होतं, त्यांना यात विनोद आहे हेच मी सांगितलं नाही. पहिल्या टेकला त्या अर्ध्यातच थांबल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं सहाण कोरडी आहे, असं उगाळतात होय? आधी पाणी घे चार थेंब. आणि हे चंदन आहे का तरी, वास नाही याला." पुन्हा टेक घेतला, त्यांनी सहाणेवर गोल गोल उगाळलं, बोटावर घेऊन अंगठ्याने दाटपणा बघितला, मान हलवली, पुन्हा उगाळलं. तोवर नाना समोर उचक्या देत ताटकळलेले. पूर्ण चाळीस सेकंद. मी एक सेकंदही कापला नाही. घरोघरच्या ज्येष्ठांना कामं द्या, आणि औषध कसं करायचं ते त्यांना शिकवू नका.

नट कमी पडले तर पुरुषांना बायका करा, त्यात काही बिघडत नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण काम करायला बाई मिळेना. पुढे १९१७ च्या लंकादहनात तेच राम आणि तेच सीता. आमच्याकडे धुरीवाल्या मावशी म्हणजे तळमजल्यावरचे काका, नऊवारी नेसून, मिशी काढायला तयार नव्हते म्हणून तोंडावर पदर घेतला, आणि त्या पदराआडून डोकावणाऱ्या मिशीने आम्ही न लिहिलेले दोन हशे मिळवले.

सामान. आधी घरात बघा, मग आत्याकडे, मग माळ्यावर. सहाण, खलबत्ता, पितळी तांब्या, अडकित्ता, घोंगडी, हे सगळं कुणाकडे ना कुणाकडे निघतंच. औषधांसाठी आम्ही जांभळी नाक्याला गेलो, तिथल्या काष्ठौषधींच्या दुकानात सुंठ, ज्येष्ठमध, वेखंड, हळकुंड आणि मुरुडशेंग घेतली. मुरुडशेंग घ्याच. बाळगुटीत उगाळतात ती, स्क्रूसारखी पिळलेली असते, काळ्यापांढऱ्यात इतकी झकास दिसते की आमचे दोन क्लोजअप तिचेच आहेत. दुकानदार विचारत होता बाळ किती महिन्यांचं, मी म्हटलं अडुसष्ट वर्षांचं.

जागा जुनी दिसायला हवी. आमच्या मामांचं घर नौपाड्यात, लाकडी कठड्याची गॅलरी, इमारत पाडायला जाणारच होती, तिथे दोन रविवार मिळाले. तसं कुणाचं घर नसेल तर गच्चीवर सेट लावा, आणि त्यात कमीपणा मानू नका, सुरुवातीच्या काळात बऱ्याच ठिकाणी असंच करायचे, सेटला तीन भिंती असायच्या आणि वर छपरच नसायचं, कारण दिवे पुरायचे नाहीत, सगळं उन्हावर चालायचं. ऊन फार कडक वाटलं तर वर पांढरं कापड ताणायचे. आम्हीही शेवटचा सीन गच्चीवर दोन जुनी धोतरं ताणून घेतला, नऊवारी आणि कोटातली माणसं ऑक्टोबरच्या उन्हात, त्यामुळे सकाळी आठ ते साडेदहा एवढंच शूटिंग, त्याच्यापुढे कुणाला उभं करू नका. आणि फ्रेममध्ये काय दिसतंय ते चारचारदा बघा. वॉटर प्युरिफायर, स्विचबोर्ड, प्लास्टिकची बादली, हातातलं स्मार्टवॉच. आमच्या एका शॉटमध्ये भिंतीवर एसीचा पाईप आहे, तीन महिने कुणाच्या लक्षात नव्हतं, आता मला दुसरं काही दिसतच नाही त्यात.

मोबाईल. स्टँडवर घट्ट लावा आणि हलवू नका. त्या काळच्या विनोदी फिल्ममध्ये कॅमेरा खांबासारखा उभा असतो आणि माणसं इकडून तिकडे जातात, डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, कारण पडणं, उडणं, धावणं सगळं अंगाने चालतं. पार १८९५ मध्ये फ्रान्सच्या लुमिएर बंधूंनी काढलेली ती माळ्याची गंमत आठवा, पोरगं पाण्याच्या नळीवर पाय ठेवतं, माळी नळीत डोकावतो, पोरगं पाय काढतं. मिनिटभराचीही नाही, कॅमेरा जागचा हललेला नाही, आणि अजून हसू येतं.

फ्रेम चारास तीन हवी, जुन्या टीव्हीसारखी. बरेच मोबाईल व्हिडिओ रुंदच घेतात, ते नंतर कापायचं, पण कापल्यावर कडेचा माणूस अर्धा होतो, म्हणून आम्ही मोबाईलच्या स्क्रीनवरच दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, रुंदीचा साधारण आठवा हिस्सा डावीकडे, आठवा उजवीकडे. पट्टीच्या आत जे आहे तेच खरं. फोकस आणि उजेड बोट दाबून लॉक करा, नाहीतर कुणी पांढरी टोपी घालून आलं की अख्खी खोली काळी होते. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात शूट करणार असाल तर सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे पंचवीस चित्रं, आणि शटर १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, वेगळं ठेवलं तर पडद्यावर पट्टे फिरत राहतात. आमच्या पहिल्या रविवारचं निम्मं शूटिंग त्यात गेलं, कुठल्यातरी व्हिडिओत बघून ३० ठेवलं होतं.

आता वेग. जुन्या फिल्ममधली माणसं तुरुतुरु पळतात ती मुळात तशी पळत नव्हती. कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा-अठरा फ्रेम पडायच्या, नंतर बोलपट आले तेव्हा आवाजासाठी वेग चोवीसला पक्का झाला, आणि सोळाने काढलेलं चोवीसने दाखवलं की सगळं दीडपट होतं. विनोदी फिल्मवाले तर मुद्दाम हात सावकाश फिरवायचे. तर आपण शूटिंग नेहमीच्या वेगाने करायचं आणि एडिटिंग ॲपमध्ये वाढवायचं. आम्ही आधी सरसकट दीडपट केलं, सासूबाई मुंगीसारख्या दिसायला लागल्या आणि रागावल्या. मग शेजाऱ्यांची धावपळ १.४, बाकी १.२ किंवा १.३, आणि चेहऱ्याचे क्लोजअप आहे तसेच. उगाळण्याचा शॉट तर मी हातच लावला नाही, सगळं जग तुरुतुरु धावतंय आणि आजी सावकाश चंदन उगाळतायत.

काळंपांढरं करताना आमची जी फजिती झाली ती नीट वाचा, कारण उपायांच्या सिनेमात तुमचीही होणार. पहिल्या दिवशी लेप म्हणून हळद लावली. डोळ्यांना पिवळीधमक, आणि मोबाईलच्या साध्या काळ्यापांढऱ्या फिल्टरमध्ये बघते तर काय, गायब! पिवळं आणि कातडी एकाच राखाडीत मिसळून गेलं, नानांच्या कपाळावर काही लावलंय हेच दिसेना. मग भाच्याने सांगितलं की मूकपटांच्या सुरुवातीच्या काळात जी फिल्म वापरायचे तिला लाल रंग दिसायचाच नाही, लाल तिथे काळा यायचा आणि निळं आकाश पांढरंफटक. एडिटिंग ॲपमध्ये काळंपांढरं करताना लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे दांडे असतात, त्यातला लाल एकदम खाली ओढायचा आणि निळा वर. ओढला, आणि नानांच्या कपाळावर डांबर फासल्यासारखी हळद उमटली. सासूबाईंचं कुंकू काळंकुट्ट, ओठ काळे, आणि गॅलरीबाहेरचं आकाश पांढरं. एकदम जुना सिनेमा. म्हणजे गडद लेप हवा तर हळद, पांढरा हवा तर तांदळाचं पीठ कालवा, आणि शूटिंगच्या आधी चमचाभर हाताला लावून तपासून बघा. फिल्मवरचे ओरखडे, धूळ, थरथर हे ॲपवाले फुकट देतात ते मात्र चिमूटभरच घाला, आमच्या पहिल्या कॉपीत इतके ओरखडे होते की पडद्यावर पाऊस पडतोय का असं एका आजोबांनी विचारलं.

पाट्या, म्हणजे मधे मधे येणारी अक्षरं, यावर वेळ घाला. कॅमेऱ्यापेक्षा जास्त घाला. पाटी जे दिसतंय ते सांगण्यासाठी नसते, ती दिसतंय त्याच्या बरोब्बर उलटं शांतपणे सांगते. अमेरिकेत पीट स्मिथ नावाचे गृहस्थ एमजीएम स्टुडिओसाठी १९३० च्या दशकापासून छोट्या विनोदी फिल्म काढायचे, बोलपट असूनही पडद्यावर माणसं मुकाट धडपडायची आणि वरून यांचा नाकातला गंभीर आवाज माहिती द्यायचा, जणू काही शाळेत धडा चाललाय. आपण तेच पाट्यांवर करायचं. भाषा जुनी ठेवा, रोजच्यासारखी लिहिलीत की मजा जाते. आमच्या काही पाट्या देते, म्हणजे अंदाज येईल. पहिली, "रा. रा. नाना यांस उचकीने ग्रासिले." दुसरी, "शेजारधर्म." बस एवढीच, आणि मग दारातून सहा डोकी आत. नाना घोंगडीखाली पार दिसेनासे होतात तिथे, "रुग्णास किंचित आराम पडला." आणि शेवटची, "सुंठीवाचून खोकला गेला", त्यातला खोकला खोडून वर उचकी लिहिलेलं.

एका पाटीवर आठ-दहा शब्दांच्या वर नको. किती वेळ ठेवायची, तर तुम्ही मोठ्याने सावकाश दोनदा वाचा, तेवढा वेळ. आम्हाला फार वाटली पण म्हाताऱ्या मंडळींना बरोबर झाली. ॲपमध्ये मराठी टाईप केलं तर कधीकधी जोडाक्षरं फुटतात, आमच्या ॲपने ज्येष्ठमधाचे पाय मोडून तीन तुकडे केले, तेव्हा त्या फंदात पडू नका. सोसायटीचा फळा कोण लिहितं ते बघा, प्रत्येक सोसायटीत एक असतातच, त्यांना काळा कार्डपेपर आणि पांढरा पोस्टर कलर द्या, कडेने वेलबुट्टी काढायला सांगा आणि फोटो काढून तो सिनेमात टाका. छापील अक्षरापेक्षा कितीतरी छान दिसतं. नऊ मिनिटांत आमच्या चौदा पाट्या झाल्या.

लांबी एका रिळाच्या आत ठेवा. रीळ म्हणजे हजार फूट, फुटाला सोळा फ्रेम, चोवीसच्या वेगाने साधारण अकरा मिनिटं. एका उचकीवर त्याच्यापेक्षा जास्त ताणता येत नाही, मी प्रयत्न केलाय.

आता हे नीट ऐका. सेटवर एकही उपाय खरा करायचा नाही. हसण्याच्या भरात माणसं काहीही करतात. काढा म्हणून आम्ही थंड कोरा चहा दिला, तोंड वाकडं होईना म्हणून त्यात लिंबू पिळलं, मीठ घालणार होतो पण नानांना बीपी आहे. वाफेच्या शॉटला पातेल्यात गरम पाणी नव्हतंच, पातेल्यामागे दोन उदबत्त्या, पाठीमागे काळा पडदा आणि मागून टॉर्च, धूर असो की वाफ, मागून उजेड असला तरच दिसते. कानात तेल नाही, बिब्बा तर दुकानातूनच आणू नका, त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. दृष्ट काढताना मीठमोहऱ्या विस्तवावर टाकायच्या नाहीत, तडतडून डोळ्यात उडतात, आम्ही हात ओवाळताना दाखवला आणि पाटी टाकली. मागून "भॉ" करून घाबरवणं अजिबात नको, वयस्क माणसं आहेत. आमच्या सेटवर एक मावशी प्रॉप म्हणून ठेवलेला मध कडेवरच्या सात महिन्यांच्या नातीला चाटवायला निघाल्या होत्या, मी अक्षरशः धावत गेले. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचा धोका असतो. आणि कुणाला खरोखरची उचकी दोन दिवसांच्या वर टिकली तर आपला सिनेमा बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या.

धुरीचं तर विचारूच नका. शेगडीत थोडे निखारे, वर ओवा आणि लसणाची सालं, खिडकी उघडी ठेवली होती, दोन मिनिटांचा शॉट. खालून वॉचमन फायर एक्स्टिंग्विशर घेऊन वर आला, त्याच्या मागे समोरच्या इमारतीतले दोघं. त्यांना समजावेपर्यंत निखारे विझले. पुढच्या वेळी नुसता धूप लावला आणि खाली आधी सांगून ठेवलं. तुम्ही कमिटीला, वॉचमनला आणि शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगा.

पाट्यांवर "हमखास गुण", "तीन दिवसांत खात्रीने" असलं लिहायचा मोह होतो, जुन्या जाहिरातींसारखं. विनोद म्हणून ठीक, पण खऱ्या औषधाचं किंवा खऱ्या वैद्याचं नाव त्यात घालू नका. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे, म्हणजे ही खोड तेव्हाही होतीच.

संगीत. नेटवरून जुनी रेकॉर्ड उचलून लावू नका, जुनं म्हणजे फुकट असं नसतं, आपल्याकडे रेकॉर्डिंग आणि सिनेमा दोन्हीचा कॉपीराईट प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. त्यापेक्षा पेटी आणि तबला आणा. आपल्याकडे मूकपटांच्या वेळी पडद्याशेजारी पेटी-तबलावाले बसायचेच. आमच्या सी विंगमधल्या आजोबांनी पेटी धरली, तबल्याला कॉलेजमधला मुलगा. त्यांना दोनदा सिनेमा दाखवला आणि एकच गोष्ट ठरवली, प्रत्येक उचकीला तबल्यावर एक थाप. तो मुलगा त्या उशिरा येणाऱ्या उचकीला चुकून आधीच थाप मारायचा, तालमीत चारदा मारली, मग त्याला सांगितलं की पडद्याकडे बघू नकोस, माझ्या हाताकडे बघ.

दाखवायचं कसं हे थोडक्यात. प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, पडदा म्हणजे पांढरी डबल बेडची चादर, इस्त्री केलेली, खालच्या कडेला बांबू घालून ताणलेली, नाहीतर वाऱ्याने नानांचं पोट हलतं. पूर्ण अंधार होईपर्यंत सुरू करू नका. आम्हाला कोजागिरीच्या चंद्राची भीती होती, त्याने काही केलं नाही, शेजारच्या बांधकामावरच्या हॅलोजनने केलं, शेवटी पडदाच फिरवावा लागला. पाट्यांची अक्षरं आदल्या दिवशी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बसून, चष्मा काढून वाचून बघा. मसाला दूध सिनेमाच्या आधी द्या, मधे नको, हसताना नाकातून येतं. सगळा खर्च प्रोजेक्टर, नऊवारी आणि कोटाचं भाडं, औषधं, रंग, दूध धरून साडेचार हजारांच्या आसपास गेला, त्यातलं निम्मं दुधाचं.

सिनेमा संपल्यावर टाळ्या झाल्या, मग खऱ्या सेक्रेटरींनी उठून मेंटेनन्स थकलेल्यांची आठवण करून दिली, मागून तबलेवाल्याने एक थाप मारली, ते काही स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

सामान सगळं परत केलंय, फक्त औषधांची पिशवी माझ्या फडताळात आहे. वेखंड, ज्येष्ठमध, मुरुडशेंग, कुणाला शूटिंगला हवं असेल तर घेऊन जा. सहाण हवी असेल तर मात्र सासूबाईंना विचारा, आणि उगाळणार कोण ते त्याच ठरवतील.